कबड्डीप्रेमींचा गट टेलिग्रामवर: एका हंगामाच्या वापरानंतर

महाराष्ट्रात कबड्डीप्रेमींचे दोन पंथ आहेत. एक टीव्हीवरची लीग पाहणारा, पुणेरी पलटण भारी की यू मुंबा यावरून हिरिरीने भांडणारा. दुसरा संध्याकाळी मंडळाच्या मैदानाकडेला उभा राहणारा. जिल्हा निवड चाचणीत कुणी कुणावर लोण दिला, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केला, हे त्याला आधी कळायला हवं असतं. दोघांना एका गटात बसवलं की लीग सुरू होताच दुसऱ्याचा आवाज बुडतो. म्हणून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामवर आलो. प्रो कबड्डीचा बारावा हंगाम आणि त्यानंतरचे स्थानिक स्पर्धांचे महिने असं सगळं पार पडल्यावर हे लिहितोय.

सगळ्यात कामाची सोय म्हणजे टॉपिक. गट एकच, पण आत वेगळी दालनं: लीग, जिल्हा व राज्य स्पर्धा, महिला कबड्डी, नियम व पंच, जुने दिवस. ज्याला जे नको ते त्याने म्यूट करावं. 31 ऑक्टोबर 2025 च्या रात्री याची खरी परीक्षा झाली. दिल्लीतल्या अंतिम सामन्यात पलटण दबंग दिल्लीकडून 31-28 अशी हरली आणि लीगच्या दालनात संदेशांचा लोंढा आला. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदारच्या या संघावर इकडे जीव टाकणारे पुष्कळ, त्यामुळे ते व्हायचंच होतं. पण त्याच रात्री आलेले एका गावच्या स्पर्धेचे निकाल आपल्या जागी शाबूत होते, आणि सकाळी लोकांनी ते वाचून त्या मुलांचं कौतुकही केलं. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही ही हलवाहलव सार्थकी लागली.

सामना रंगला की आम्ही स्लो मोड लावतो. चढाईला 30 सेकंद असतात, आम्ही एकाच माणसाच्या दोन संदेशांमधलं अंतरही तेवढंच ठेवलं. माणूस विचार करून लिहितो आणि शिवीगाळ कमी होते. मात्र हा मोड पूर्ण गटाला लागू होतो, त्यामुळे सामना संपला की लगेच काढावा. नाहीतर दुसऱ्या दालनात निकाल टाकणारा कार्यकर्ता खोळंबतो.

नियमांचं दालन माझं सर्वांत आवडतं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला 2023 चा भारत-इराण अंतिम सामना अजून लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. 28-28 अशी बरोबरी, शेवटची मिनिटं, भारताच्या पवन सेहरावतची 'करो या मरो' चढाई, म्हणजे गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद. तो कुणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे गेले. बाद कोण? जुन्या नियमाने मागे आलेले बचावपटूही बाद, नव्या नियमाने फक्त चढाईपटू. खेळ बराच वेळ थांबला, शेवटी भारत 33-29 असा जिंकला. यावर आम्ही क्विझ पद्धतीचे पोल टाकतो. उत्तर चुकलं की खाली स्पष्टीकरण दिसतं, त्यामुळे वाद घालायला आलेला माणूस नियम शिकून जातो. निवृत्त पंच इथे मन लावून लिहितात. असं ज्ञान मी दुसरीकडे कुठे एकत्र पाहिलेलं नाही.

फोन नंबर लपवता येतो, हे मुलींच्या दृष्टीने फार मोलाचं. साध्या व्हॉट्सअ‍ॅप गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. इथे आल्यावर महिला खेळाडू स्वतःहून बोलू लागल्या, सरावाच्या वेळा, दुखापती, प्रवासखर्च यांवर मोकळेपणाने. किशोर-किशोरी वयोगटातल्या मुलांचे फोटो शाळेच्या नावासकट टाकायचे नाहीत, हा नियम आम्ही पिन करून ठेवलाय आणि त्यात सूट कुणालाच नाही.

पैसे लावायच्या लिंका आणि चोरून दाखवलेल्या सामन्यांच्या लिंका येतच राहतात. त्या दिसताक्षणी उडवायच्या. कोणत्या अ‍ॅडमिनने काय उडवलं याची नोंद अ‍ॅपमध्ये 48 तास दिसते, म्हणून आमच्यात आपसात गैरसमज होत नाहीत. अ‍ॅडमिन मात्र दालनाप्रमाणे नेमा. लीगवर जीव असलेल्या माणसाला जिल्ह्याच्या निकालांची राखण जमत नाही.

आता अवघड भाग. मातीवर खेळलेली पिढी टेलिग्रामवर येत नाही. आग्रह करून पाहिला, पण त्यांची सवय व्हॉट्सअ‍ॅपची आहे आणि ती मोडायचा हट्ट धरू नये असं मला वाटतं. त्यांच्यासाठी आमचा एक कार्यकर्ता रोज रात्री दिवसभराचे निकाल एका संदेशात लिहून तिकडे पाठवतो. उलट दिशेने त्यांचे आवाजी संदेश इकडे 'जुने दिवस'मध्ये येतात. 15 जुलैला, कबड्डीचे जुने संघटक बुवा साळवी यांच्या जयंतीला, कबड्डी दिनी, हे दालन ओसंडून वाहतं. प्रत्येक आवाजी संदेशाखाली गावाचं नाव आणि साल हॅशटॅगने लिहायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. नंतर शोधताना तेवढाच आधार असतो, आणि सांगणारी माणसं ऐंशीच्या घरातली आहेत.