स्टेपनीसह पाच टायर: तेरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी श्रावणात, ऐन पावसात, रबाळ्याच्या अलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावर आमच्या व्हॅनचा मागचा डावा टायर फुटला. गाडीत वरण-भाताचे टोप, पोळ्यांचे डबे, दह्याची दोन मोठी पातेली आणि वाढायला येणारी तीन माणसं होती. महाप्याच्या एका कारखान्यात साडेबाराची पंगत. ड्रायव्हरकाकांनी भिजत स्टेपनी चढवली आणि गाडी सुरू केली. दोन-तीन किलोमीटरवर ते म्हणाले, "ताई, गाडी डावीकडे बसलीये. हे चाक आपल्या गाडीचं नाही वाटत."

खाली उतरून पाहिलं. टायरची बाजू फुगून जवळजवळ रिमच्या कडेपर्यंत दबली होती. हात लावला तर पाऊस पडत असूनही रबर गरम. टायरवर १९५/६५ आर१५ ९१ एच असं लिहिलेलं. बाकी तीन टायर १९५ आर१५ सी १०६/१०४ आर. दोन्हीकडे १९५ आणि दोन्हीकडे १५. गाडी जुनी घेतली तेव्हा मला एवढेच आकडे कळत होते, म्हणून स्टेपनी आहे ना, हवा आहे ना, एवढं बघून मी पुढे गेले होते. उरलेलं अंतर ताशी वीसच्या वेगाने काढलं. जेवण पाऊण तास उशिरा पोहोचलं. त्या दिवसाची भीती अजून गेलेली नाही, कारण त्या गाडीत माझी माणसं होती.

त्यानंतर त्याच महिन्यात पाच नवे टायर आणि स्टेपनीसाठी वेगळी रिम घेतली. आज सप्टेंबर २०२५. मधे तेरा महिने, सुमारे २०,००० किलोमीटर आणि दोन पावसाळे गेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या गाडीला कोणता टायर लागेल हे माझ्या कंपनीवरून ठरत नाही, ते तुमच्या गाडीच्या वजनावरून ठरतं, आणि हा हिशेब दुकानात कुणी करून देत नाही.

तर आधी तो हिशेब. टायरच्या बाजूला साइजनंतर जो आकडा असतो तो भार-निर्देशांक. ९१ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ६१५ किलो. १०६ म्हणजे ९५० किलो. १०६/१०४ अशी जोडी असेल तर पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असतील तेव्हा, आणि १०४ म्हणजे ९०० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: आर म्हणजे ताशी १७०, एच म्हणजे २१०. साइजमधल्या 'आर१५'चा आर वेगळा, तो रेडियलचा. या दोन 'आर'ची गल्लत मी स्वतः केली होती. आकारापुढचं 'सी' किंवा आपल्याकडे जास्त दिसणारं 'एलटी' म्हणजे टायर मालवाहू, हलक्या व्यावसायिक गाडीचा. आणि टायरवर दिसणारं ८पीआर (प्लाय रेटिंग) म्हणजे आत आठ थर आहेत असं नाही. थर मोजायची ती जुनी पद्धत, आता ती फक्त ताकदीची खूण म्हणून उरली आहे.

हे कळल्यावर मी गाडी वजनकाट्यावर नेली. आठवड्यातून एकदा आम्ही वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून भरून येतो, तो आमचा सगळ्यात जड दिवस. परत येताना तुर्भ्याला काट्यावर आधी पूर्ण गाडी, मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागचा एक्सल, अशी दोन वजनं घेतली. मागच्या एक्सलवर १,६४० किलो निघाले. आरसीवर मागच्या एक्सलचं वजन १,७५० आहे, म्हणजे गाडी मर्यादेत होती. पण १,६४० चे निम्मे ८२०. म्हणजे त्या श्रावणात असा भरलेला दिवस असता तर ६१५ किलोच्या टायरवर दोनशे किलो जादा बसले असते. तेही त्यात पेट्रोल पंपावर कारची म्हणून भरलेली ३३ पीएसआय हवा असताना. माझ्या मते व्हॅन चालवणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ही काट्याची चिठ्ठी घ्यावी. खर्च किरकोळ आहे आणि टायरच्या दुकानात ती चिठ्ठी समोर ठेवली की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

दुसरी गोष्ट उंचीची. १९५ आर१५ मध्ये तिरक्या रेघेनंतरचा आकडा नसतो, तेव्हा टायरची बाजू रुंदीच्या साधारण ८० टक्क्यांच्या वर धरतात. १९५/६५ मध्ये ती ६५ टक्के. त्यामुळे ती कारची स्टेपनी बाकी चाकांपेक्षा व्यासाने सहा सेंटीमीटरच्या आसपास लहान होती. आमच्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. एकाच एक्सलवर एक चाक लहान असलं की ते दर शंभर फेऱ्यांमागे साधारण नऊ फेऱ्या जादा फिरतं आणि डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखं राबत राहतं. ड्रायव्हरकाकांना गाडी डावीकडे बसल्यासारखी वाटली तीही या लहान चाकामुळेच.

आता रिम. इथे माझे तीन आठवडे गेले.

पहिली रिम एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून आणली. पाचही स्टड (चाक धरणारे बोल्ट) बरोबर बसले, म्हणून दुकानदार म्हणाला, "बसली ना ताई, मग झालं." मागे बसलीच होती. पण आमच्या टायरवाल्या मामांनी ती पुढच्या डाव्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) लावून हाताने फिरवायला सांगितली, आणि रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासली. मागे ड्रम आहे, तिथे जागा भरपूर, पुढे नाही. पंक्चर पुढच्या चाकाचं झालं असतं तर ती स्टेपनी निव्वळ ओझं ठरली असती. कारण होतं ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी जागा किती आत-बाहेर आहे ते. शिवाय त्या रिमचं मधलं भोक आमच्या हबपेक्षा मोठं होतं. चाक हबवर नेमकं न बसता सगळा भार नटांवर टांगला गेला असता.

म्हणून रिम घेताना स्टडची संख्या आणि पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) हे फक्त दार उघडणारे आकडे आहेत. त्यापुढे मधलं भोक, ऑफसेट, रुंदी आणि नटाची बैठक पाहावी लागते. रुंदी रिमच्या आतल्या बाजूला ठोकलेली असते, आमची ५½जे × १५. नट निमुळता आहे की गोल बुडाचा, हे जुन्या रिमच्या भोकाशी ताडून घ्या. बैठक जुळली नाही तर नट कितीही आवळा, चालताना सैल होणारच. आमच्या दिरांनी अलॉय सुचवली होती. दिसायला छान असतात, पण अलॉयचे नट बहुधा वेगळे लागतात, आणि रात्री रस्त्यावर चार अलॉय नि एक लोखंडी असा घोळ मला नको होता. शेवटी गाडीच्या अधिकृत भाग-विक्रेत्याकडून भाग क्रमांक सांगून लोखंडी रिम मागवली. ती पुढे, मागे, चारही ठिकाणी लावून फिरवून पाहिली, मगच टायर चढवला.

व्हॉल्वबद्दलही लिहायला हवं, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कारला लागतो तो रबरी, खेचून बसवायचा व्हॉल्व साधारण ६५ पीएसआयपर्यंतचा असतो. आमच्या टायरच्या बाजूवर कमाल दाब नेमका तेवढाच, ६५. उन्हात, भरलेल्या गाडीत दाब त्याच्याही वर चढतो. म्हणून पाचही चाकांना जास्त दाबाचे व्हॉल्व बसवून घेतले. फरक किरकोळ पैशांचा.

टायर घेताना आयएसआयची खूण पाहिली (व्यावसायिक गाड्यांच्या टायरचं मानक आयएस १५६३६, कारचं १५६३३, बाजूवरचा हा आकडासुद्धा टायर कुठल्या वर्गातला ते सांगतो) आणि तारखेचे चार आकडे पाहिले. आमच्या पाचांवर २८२४, म्हणजे २०२४ चा २८ वा आठवडा. जुन्या स्टेपनीवर ०९१६ होतं. नक्षी नव्यासारखी, नव्या टायरवर असतात ते रबरी केसही शाबूत, पण आठ वर्षांचं रबर. तो टायर दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून मामांकडून तिथेच कापून घेतला.

दुकानातल्या मुलाने चारच टायर घ्या असा आग्रह धरला होता. म्हणे आता स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. २०२० साली नियमात सवलत आली हे खरं, पण ती साडेतीन टनांपर्यंतच्या, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांसाठी आहे. आमच्या गाडीत दाब दाखवणारी यंत्रणा नाही. आणि खड्ड्याच्या धारेने बाजू चिरली तर त्या संचातला द्रव काही करू शकत नाही. कारमध्ये मिळते तशी बारीक, ताशी ८० ची मर्यादा असलेली तात्पुरती स्टेपनीही भरलेल्या व्हॅनला उपयोगाची नाही. पाचवं चाक बाकी चारांसारखंच हवं, त्याच भाराचं आणि त्याच उंचीचं. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ मध्ये ही जादा चाकं बनवायला सुरुवात झाली. ते रिमवर आरे नसलेलं चाक बांधून गॅरेज गाठण्यापुरतंच असायचं. आपण मात्र त्याच्यावर पंगतीचं जेवण नेतो.)

पाच टायर, रिम, व्हॉल्व, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून चाळीस हजारांच्या वर गेले. आमच्यासारख्या स्वयंपाकघरासाठी ही रक्कम मोठी आहे, दोन हप्त्यांत दिली.

तेरा महिन्यांचा अनुभव. नवा असताना नक्षीची खोली ९.५ मिलिमीटर होती, आता पाचही टायर ७ ते ७.४ च्या दरम्यान आहेत. पाचही सारखे आहेत कारण दर ७,००० किलोमीटरला आम्ही पाच चाकांची अदलाबदल करतो: मागची दोन सरळ पुढे, पुढचं उजवं मागे डावीकडे, स्टेपनी मागे उजवीकडे, आणि पुढचं डावं स्टेपनीच्या जागी. त्यामुळे स्टेपनी गाडीखाली पडून म्हातारी होत नाही. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली आणि दिघ्यात जे पाणी साचतं ते पाहता मी ३ ला बदलणार आहे.

ओल्या रस्त्यावर पकड चांगली. गाडी रिकामी असताना मात्र ती उसळते, हे स्पष्ट लिहिते. पूर्ण हवा, रिकामी गाडी आणि ठाण्यातले पेव्हर ब्लॉक असले की मागे बसलेल्यांना त्रास होतो, रिकामी पातेली वाजत राहतात. काँक्रीटवर आवाजही आधीपेक्षा जास्त. पहिल्या महिन्यात दह्याचं एक पातेलं सांडलं, तेव्हापासून दही मधल्या सीटखाली ठेवतो. हवा कमी करून हे सुटेल असं काकांना वाटलं होतं. मी नको म्हटलं. ९५० किलो हा आकडा पूर्ण दाबाचा आहे, हवा उतरवली की तोही उतरतो. गाडीच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीला पुढे ४५ आणि मागे ५५ लिहिलंय, तेच ठेवतो, पहाटे गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने. पंपावरचा माणूस व्हॅन बघून विचारतो, "पस्तीस ना?" तेव्हा काका आता ठामपणे आकडा सांगतात. स्टेपनीत ६० ठेवतो, लावल्यावर कमी करता येते. रस्त्यावर वाढवायची सोय नसते.

स्टेपनी ज्या साखळीवर गाडीखाली टांगलेली असते तिची काळजी घ्या. पहिल्या पावसाळ्यानंतर आमची गंजून जाम झाली होती, घरी होतो म्हणून कळलं. आता मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा ग्रीस. सोबत बॉटल जॅक, लांब दांड्याचा पाना आणि चिखलात जॅक रुतू नये म्हणून जाड फळीचा तुकडा. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे. हे आम्ही डब्यांच्या यादीखालीच लिहून ठेवलंय.

या ऑगस्टमध्ये घणसोलीजवळ मागच्या उजव्या टायरमध्ये जाडजूड स्क्रू घुसला. पुन्हा पाऊस, गाडी पुन्हा भरलेली. काकांनी फळी टाकली, जॅक लावला, पंचवीस मिनिटांत स्टेपनी चढवली आणि आम्ही महाप्याला, तिथून तुर्भ्याला, दोन्हीकडे जेवण उतरवून संध्याकाळी कळव्याला परत आलो. मी दोनदा उतरून टायरला हात लावून पाहिला. बाकी तीन जेवढे कोमट होते तेवढाच तोही.