कोथरूडचा पुनर्विकास की वाघोलीचं संकुल? आधी मैलापाण्याचं बघा

पुण्यात घर शोधणारे सध्या दोन ठिकाणी अडकतात. एक, कोथरूडसारख्या जुन्या भागात पुनर्विकासातून उभी राहणारी इमारत. दुसरं, वाघोली-म्हाळुंगेसारख्या, जून २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांतलं मोठं गृहसंकुल. दर, पार्किंग, ऑफिसचं अंतर सगळे बघतात. संडासातलं पाणी पुढे जातं कुठे, हे सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं राहून कुणी विचारत नाही.

कोथरूडची जमेची बाजू सरळ आहे. रस्त्याखाली ड्रेनेज लाइन आहे, ती सांभाळायची महापालिकेने. सोसायटीची जबाबदारी आवारातल्या शेवटच्या चेंबरपाशी संपते. प्रश्न आहे तो लाइन किती जाडीची, हा. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, ड्रेनेजमध्ये येतं. १२ बिऱ्हाडं, घरटी चार माणसं, तर रोज सुमारे ५,२०० लिटर. त्याच जागी ४० फ्लॅट झाले की १७,००० च्या वर. त्यातही हे पाणी दिवसभर सारखं वाहत नाही. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एकदम, म्हणून लहान वस्तीची लाइन आखताना सरासरीच्या तिप्पट लोंढा धरतात.

एका इमारतीने काही बिघडत नाही. पण गल्लीतल्या आठ सोसायट्या एकामागून एक पाडल्या गेल्या तर? मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात मोठ्या भूखंडाला, रस्ता रुंद असेल तर, ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम. कागदावर मजले पटकन वाढतात, जमिनीखालचा पाइप तेवढाच राहतो. तो बदलता येतो म्हणा. १५० मिलिमीटरऐवजी ३०० चा टाकला तर त्याच उतारावर सहापट पाणी जातं. मात्र पुढच्या चौकातली लाइन जुनीच असेल तर तुंबणं फक्त चार घरं पुढे सरकतं. त्यात गच्चीचं पावसाचं पाणी कुणीतरी ड्रेनेजलाच जोडून ठेवलेलं असतं. जुलैत चेंबरचं झाकण उचललं जातं ते त्यामुळे, आणि पहिला मार तळमजल्याला.

वाघोलीकडे प्रश्न उलटा आहे. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, म्हणून संकुलाचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारा प्रकल्प, असतो. ४०० फ्लॅटचं संकुल म्हणजे रोज पावणेदोन लाख लिटर मैलापाणी. प्रकल्प नीट चालला तर मला हा पर्याय खरोखर आवडतो. १३५ लिटरपैकी ४५ लिटर नुसते फ्लशला जातात. तिथे शुद्ध केलेलं पाणी वापरलं की टँकर कमी लागतात.

पण एसटीपी म्हणजे जिवाणूंचा संसार. पहिली एक-दोन वर्षं चौथा हिस्साच लोक राहायला आले तर जिवाणूंना पुरेसं अन्न मिळत नाही आणि प्रकल्प लयीत येत नाही. ब्लोअर मात्र हवा देत राहतो, वीज खात राहतो. बिल्डर हस्तांतर करून गेला की वीज, ऑपरेटर आणि गाळ उपसणं सगळं मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. शिवाय बागेला आणि फ्लशला वापरून उरलेलं पाणी सोडायचं कुठे? बाहेर लाइन नसेल तर ओढ्यात. महापालिकेची जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण प्रकल्पांची, ३९६ एमएलडीची (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर) योजना आखली गेली ती ही गावं शहरात यायच्या आधी.

याच गावांत छोट्या प्लॉटवरच्या चार मजली इमारतीही मिळतात, बऱ्याच स्वस्त. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. पुण्याखाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, टाकी भरते, मैला उपसणारी गाडी बोलवावी लागते. हा पर्याय मी यादीतूनच काढेन.

उरलेल्या दोघांत माझा कौल कोथरूडला, पण तळमजला नको. आणि टोकन देण्याआधी क्षेत्रीय कार्यालयात ड्रेनेजच्या कनिष्ठ अभियंत्याला दोन गोष्टी विचारा: समोरची लाइन किती मिलिमीटरची, आणि याच लाइनवर आणखी किती पुनर्विकासाचे प्रस्ताव आहेत. वाघोली घ्यायचीच असेल तर अर्ध्याहून जास्त दिवे लागलेलं संकुल बघा. सकाळी साडेसातला जा, सेल्स ऑफिसला न कळवता. एसटीपीच्या दारात उभं राहिलं की नाकाला बरंच कळतं.