आयपॅड की टॅब एस१० एफई: पेनसकट हिशोब करा

२०२५ साली बाजारात आले तेव्हा ए१६ चिपचा आयपॅड ३४,९०० रुपयांचा आणि सॅमसंग गॅलॅक्सी टॅब एस१० एफई ४२,९९९ रुपयांचा. दोन्ही वाय-फाय, १२८ जीबी. फरक आठ हजारांचा दिसतो, पण सॅमसंगच्या खोक्यात एस पेन, म्हणजे पडद्यावर लिहायचा पेन, असतो. अ‍ॅपलचा असा पेन, म्हणजे यूएसबी-सी पेन्सिल, तेव्हा वेगळी ७,९०० रुपयांची. बेरीज ४२,८००. उरले १९९ रुपये!

शिवाय ही पेन्सिल दाब ओळखत नाही, म्हणजे जोर दिला तरी रेघ जाड होत नाही. नोट्सना चालेल, चित्रकलेला नाही. एस पेन दाब ओळखतो, चार्जही करावा लागत नाही. आयपॅडची काच आणि पडदा यांत बारीक फट आहे, त्यामुळे टोक आणि रेघ किंचित वेगळी भासतात.

साठवण वाढवायची तर २५६ जीबीच्या आयपॅडला तेव्हा दहा हजार जास्त. सॅमसंगला मेमरी कार्ड चालते. कार्डावर व्हिडिओ, पीडीएफ ठेवा, अ‍ॅप मात्र बहुतेक मुख्य साठवणीतच बसतात.

वेगात आयपॅड सरळ पुढे. व्हिडिओ एडिटिंग, जड गेम असतील आणि पेन नकोच असेल, तर तोच घ्या. चार्जर आयपॅडसोबत मिळतो, सॅमसंगचा वेगळा घ्यावा लागतो.