‘डायरेक्टच केलंय, बाई’

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात लांज्याजवळची आमची रस्त्यालगतची जमीन गेली आणि २०१८ साली तिचा मोबदला माझ्या खात्यात जमा झाला. यजमान त्याआधी दोन वर्षे गेले होते, निवृत्तिवेतनावर माझे रत्नागिरीत नीट भागत होते, त्यामुळे त्यातले पंधरा लाख रुपये दीर्घ मुदतीसाठी म्युच्युअल फंडात ठेवावेत असे मी ठरवले. हे काम मी माझ्याच एका माजी विद्यार्थ्याकडे सोपवले. त्याचे किंवा त्याच्या कार्यालयाचे नाव मी येथे लिहिणार नाही. सातवी ते दहावी तो माझ्या गणिताच्या वर्गात होता, भेटला की वाकून नमस्कार करायचा आणि माझ्या घरी चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. एवढ्या ओळखीवर मी माणसाची पारख केली आणि कागदांची केली नाही.

पुण्याच्या माझ्या भाच्याने फोनवर मला एकच गोष्ट बजावली होती : ‘मावशी, काहीही घे, पण डायरेक्ट प्लॅनच घे.’ मी ते त्या विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा त्याने आधी मला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. डायरेक्टमध्ये कंपनी काहीच सेवा देत नाही, माणूस गेल्यावर वारसांना पैसे मिळवताना नाकी नऊ येतात, आणि ‘आमचं कमिशन कंपनी देते बाई, तुमच्या खिशातला एक रुपया जात नाही’, अशी तीन कारणे त्याने दिली. ही तिन्ही विधाने खोटी होती. नामनिर्देशनाची आणि वारसाला पैसे मिळण्याची पद्धत दोन्ही प्लॅनमध्ये एकच आहे, आणि कमिशनचा पैसा कुठून येतो ते पुढे सांगतेच. तरीही मी आग्रह धरल्यावर तो हसून म्हणाला, ‘बरं, तुमची इच्छा आहे तर डायरेक्टच करू. मग मला कमिशन मिळणार नाही, देखरेखीची फी म्हणून वर्षाला सहा हजार द्या.’ मला हे रास्त वाटले. फॉर्मवर जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे तिथे मी सह्या केल्या. बाकीचे रकाने कोरे होते. ‘ते मी कार्यालयात भरतो’, असे तो म्हणाला आणि मी भरू दिले.

डायरेक्ट आणि रेग्युलर हे एकाच योजनेचे दोन प्लॅन असतात. पैसे तेच व्यवस्थापक सांभाळतात, शेअर तेच घेतले जातात, फरक फक्त खर्चाचा असतो. शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या नियामक संस्थेच्या आदेशाने १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंड कंपनीला डायरेक्ट प्लॅन ठेवावाच लागतो आणि त्यात वितरकाचे, म्हणजे फंड विकून देणाऱ्या मध्यस्थाचे, कमिशन धरलेले नसते. रेग्युलरमध्ये ते धरलेले असते, म्हणून त्याचा वार्षिक खर्च जास्त असतो. माझ्या मुख्य योजनेत डायरेक्टचा खर्च शेकडा ०.९ च्या आसपास होता आणि रेग्युलरचा १.९ च्या आसपास. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. दहा लाख रुपये वीस वर्षे दरसाल १२ टक्क्यांनी वाढले तर साधारण ९६ लाख ४६ हजार होतात, आणि ११ टक्क्यांनी वाढले तर ८० लाख ६२ हजार. मधले पंधरा लाख चौऱ्याऐंशी हजार त्या एका टक्क्याचे आहेत. चक्रवाढ व्याज मी तीस वर्षे फळ्यावर शिकवले आहे, आणि हाच हिशेब स्वतःच्या पैशांवर करून पाहायला मला पाच वर्षे लागली, याचे दुःख मला त्या पैशांपेक्षा अधिक आहे.

माझ्या वडिलांची हापूसची कलमे होती. हंगामात मुंबईला पेट्या जायच्या आणि काही दिवसांनी दलालाची पट्टी यायची. तिच्यावर विक्रीची रक्कम, खाली भाडे, हमाली, दलाली वजा आणि शेवटी हाती पडणारा आकडा असे सगळे ओळीने लिहिलेले असे. वडील पडवीत बसून ती पट्टी दोनदा वाचत, कधी चिडत, कधी दलालाला पत्र लिहीत, पण काय कापले गेले ते त्यांना दिसत असे. फंडातले कमिशन अशा पट्टीवर येत नाही. १ ऑगस्ट २००९ पूर्वी गुंतवणुकीच्या वेळीच प्रवेशशुल्क कापले जाई आणि ते डोळ्यांसमोर असे. ते सेबीने बंद केले. आता वितरकाला मिळणारी रक्कम योजनेच्या खर्चातून जाते, तो खर्च दररोज थोडाथोडा मालमत्तेतून वजा होतो आणि आपल्याला दिसणारे एनएव्ही, म्हणजे योजनेच्या एका युनिटची (वाट्याची) किंमत, हे तो वजा झाल्यानंतरचे असते. ‘कमिशन कंपनी देते’ हे वाक्य म्हणूनच इतके फसवे आहे. कंपनी देते, पण आपल्या पैशांतून देते.

जानेवारी २०२१ मध्ये त्या विद्यार्थ्याने मला एका नव्या योजनेची माहिती आणून दिली. युनिट फक्त दहा रुपयांना आहे, जुन्या योजनेचे साठ रुपयांवर गेले आहे, स्वस्तात मिळते तोवर घेऊ, असे म्हणून त्याने जुन्यातून सहा लाख काढून तिकडे वळवले. युनिटची किंमत दहा असो वा साठ, त्यातल्या शेअरांचे मूल्य दहा टक्के वाढले तर दोन्हीकडे रुपये सारखेच वाढतात. नवे युनिट स्वस्त नसते, नुसते नवे असते. ऑक्टोबरमध्ये त्या सहा लाखांचे सात लाख चाळीस हजार झाले होते, तेव्हा ‘नफा पदरात पाडून घेऊ’ म्हणून त्याने तेही काढून तिसऱ्या योजनेत घातले. वर्ष पूर्ण झाले नव्हते, म्हणून एक टक्का निर्गमन शुल्क, म्हणजे ७,४०० रुपये, कापले गेले, आणि अल्पकालीन नफ्यावर तेव्हाच्या १५ टक्के दराने सुमारे वीस हजारांचा कर मला भरावा लागला. लहान आणि नव्या योजनांना सेबीच्या नियमांनुसार जास्त खर्च आकारता येतो आणि त्यामुळे वितरकाला मिळणारा वाटाही तिथे बहुधा मोठा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याने मला कमिशन नसल्याचे सांगितले होते, म्हणून या अदलाबदलीत त्याचा काही लाभ असेल अशी शंकाही माझ्या मनाला शिवली नाही. खोटे एका ठिकाणी सांगितलेले असले तरी पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर उभे राहतात.

२०२३ च्या गणपतीत भाचा घरी आला होता. नामनिर्देशन नोंदवून घ्या अशा बातम्या त्या वेळी सतत येत होत्या, म्हणून आरती झाल्यावर आम्ही माझे एकत्रित खातेउतारे मागवायला बसलो. पॅन क्रमांक घातल्यावर उतारा नोंदणीकृत ई-मेलवर पाठवला जाईल असे पडद्यावर आले, आणि त्या पत्त्याची जी दोन-तीन अक्षरे दिसत होती ती माझ्या पत्त्याची नव्हती. भाचा काही बोलला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन निखाऱ्यावर ठेवलेले दूध उतरवले आणि परत आले, तोवर त्याने तीनदा तोच प्रयत्न करून पाहिला होता. पाच वर्षे माझे सगळे उतारे दुसऱ्याच कोणाच्या तरी मेलपेटीत जात होते. मला मिळत होते ते त्या मुलाने स्वतः छापलेले रंगीत तक्ते, ज्यांत योजनेचे नाव असे आणि प्लॅनचे नसे.

विसर्जन झाल्यावर मी आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला रजिस्ट्रारच्या, म्हणजे फंडांच्या खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, सेवा केंद्रात गेले, ओळखपत्रे देऊन माझा ई-मेल आणि मोबाइल नोंदवला. त्यानंतर आलेल्या उताऱ्यात प्रत्येक योजनेच्या नावापुढे ‘रेग्युलर प्लॅन – ग्रोथ’ असे होते आणि ‘ॲडव्हायझर’ या शब्दापुढे एआरएन हा वितरकाचा क्रमांक छापलेला होता. डायरेक्ट असते तर तिथे ‘डायरेक्ट’ हा शब्द असता. ऑक्टोबरमध्ये सहामाही उतारा आला. २०१६ पासून त्यात वितरकाला आपल्या गुंतवणुकीवर मिळालेली रक्कम रुपयांत दाखवतात. माझ्या उताऱ्यावर सहा महिन्यांचे १०,६४० रुपये होते. त्याच जूनमध्ये देखरेखीच्या फीचा सहावा चेक मी त्याला दिला होता.

फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी लागते, आणि एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी घ्यायची व त्याच्या गुंतवणुकीवर कमिशनही मिळवायचे, याला परवानगी नाही. सेबीच्या संकेतस्थळावरील सल्लागारांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. मी त्याला घरी बोलावले आणि उतारा त्याच्यापुढे ठेवला. ‘फॉर्म भरताना कार्यालयातल्या पोराकडून चूक झाली, बाई’, असे तो म्हणाला. एक चूक पाच योजनांत, ई-मेलसकट, कशी होते हे मी विचारले, त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते.

फंड कंपनीकडे, ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडे आणि सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर मी लेखी तक्रारी केल्या. कंपनीचे उत्तर सरळ होते : फॉर्मवर एआरएनचा शिक्का आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. ते खरेच होते. सहा चेकांची नोंद मात्र माझ्या पासबुकात त्याच्या नावानिशी होती, म्हणून ते छत्तीस हजार त्याने डिसेंबरमध्ये परत केले. कमिशनचा एक पैसाही परत आला नाही.

कमिशन घेणारा प्रत्येक माणूस फसवतो असे मी म्हणणार नाही. माझ्या जाऊबाईंचे काम चिपळूणचा एक वितरक रेग्युलर प्लॅनमध्ये करतो. तो काय घेतो ते त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि मार्च २०२० मध्ये बाजार कोसळत असताना जाऊबाई सगळे विकायला निघाल्या, तेव्हा दोन दिवस फोनवर समजूत घालून त्यानेच त्यांना थांबवले. त्याचा टक्का त्याने कष्टाने मिळवला आहे. स्वतः योजना निवडणे आणि पडत्या बाजारात शांत बसणे ज्यांना जमेल त्यांनी डायरेक्ट घ्यावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी उघडपणे कमिशन देऊन रेग्युलर घ्यावे किंवा नोंदणीकृत सल्लागाराला ठरावीक फी द्यावी. पण यांपैकी आपण काय करतो आहोत हे आपल्याला माहीत असले पाहिजे, आणि ते माणसाच्या तोंडून कळून उपयोगाचे नाही, उताऱ्यावर वाचले पाहिजे. फॉर्मवर एआरएनच्या रकान्यात ‘डायरेक्ट’ असे स्वतःच्या हाताने लिहा, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच द्या.

रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे ही कागदोपत्री विक्री आणि नवी खरेदी धरली जाते, म्हणून एका दिवसात सगळे हलवण्याची घाई मी केली नाही. एक वर्ष पूर्ण झालेल्या युनिटांवरचा नफा त्या वेळी आर्थिक वर्षाला एक लाखापर्यंत करमुक्त होता. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने ती मर्यादा सव्वा लाख केली आणि त्यावरील नफ्याला साडेबारा टक्के कर लावला. मार्च २०२४ मध्ये एक भाग आणि नवे वर्ष लागताच एप्रिलमध्ये दुसरा, असे मी हलवत गेले. थांबल्याने जास्तीचा एक टक्का जात राहतो आणि घाई केल्याने कर आताच भरावा लागतो, हा हिशेब प्रत्येक फोलिओसाठी, म्हणजे फंडातल्या प्रत्येक खात्यासाठी, मी वेगळा मांडला, वहीत, दोन रकाने करून. शेवटचा फोलिओ अजून रेग्युलरमध्ये आहे. तो येत्या एप्रिलमध्ये हलेल.