लोकर, कापड की पेळू? गोव्यात राहून एक छंद निवडताना

मागच्या पावसाळ्यात भाची डिचोलीहून आमच्याकडे फोंड्याला आली होती. तिची नोकरी वेर्ण्याला. सकाळी सातला घर सोडायचं, परत यायला संध्याकाळचे सात. मी सोप्यावर बसून गोधडीला धावदोरा घालत होते. थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, “आते, मलाही हाताला असं काहीतरी हवं गो. विणू, शिवू, की तुझ्या त्या चरख्यावर बसू? एकच सांग. तिन्हीला वेळ नाही माझ्याकडे.”

तिन्ही कामं मी करते. विणकाम शाळेपासून, शिवण लग्नानंतर, आणि सूतकताई गेली सहा वर्षं. तरी एका शब्दात उत्तर देता येईना. दुकानात गेलं की माणूस आधी किंमत विचारतो. मी तिला वेगळंच विचारलं, “बाय, काम चुकलं की तू काय करतेस? परत करतेस, की टाकून देतेस?” कारण ही तीन कामं खरी वेगळी पडतात ती चुकीच्या जागी.

विणकाम चूक सगळ्यात जास्त पोटात घेतं. दहा ओळी खाली एखादा सुलट टाका उलट पडला आणि आता दिसला, तर सगळं उसवावं लागत नाही. तेवढाच एक टाका सुईवरून सोडायचा, तो शिडीसारखा खाली उतरू द्यायचा आणि क्रोशाच्या सुईने एकेक पायरी उचलत वर आणायचा. दोन मिनिटांचं काम. आणि सगळंच बिघडलं तरी लोकर कुठे जात नाही. उसवा, गुंडा करा, पुन्हा टाके घाला. नवशिक्या माणसाला याचा केवढा धीर असतो! विणकामात दगा देतं ते माप. पुस्तकात १० सेंटीमीटरला २२ टाके दिलेत आणि तुमचा हात सैल म्हणून २० च बसले, तर ११० टाक्यांचा भाग ५० ऐवजी ५५ सेंटीमीटर होतो. स्वेटरच्या पुढच्या-मागच्या भागांत मिळून १० सेंटीमीटरचा फरक, आणि तो कळतो सगळं विणून झाल्यावर. म्हणून आधी तळहाताएवढा चौकोन विणून मोजायचा. हा चौकोन कंटाळवाणा वाटतो, पण तो टाळलेला मी कुणालाही समाधानाने स्वेटर घातलेला पाहिलं नाही. सुयांचे नंबरही आपल्याकडे उलटे चालतात, हे दुकानात जाण्याआधी माहीत हवं. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन, १२ नंबरची पावणेतीन. नंबर वाढला की सुई बारीक.

शिवणाचं तसं नाही. टीप उसवता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही. माझ्या पहिल्या पोलक्याला मी माया, म्हणजे शिलाईसाठी सोडायची जास्तीची कड, ठेवायची विसरले होते. मापाला मापाने कापलं आणि शिवल्यावर हात आत जाईना. आईने ते कापड गोधडीत घातलं, ते अजून आहे. शिवणात डोक्याचं काम कात्रीच्या आधी असतं. कापड उभ्या धाग्यावर ठेवलंय की आडव्या, पट्टी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, हवी की सरळ, माया किती. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज जातात. म्हणून ते कापण्याआधी भिजवून वाळवायला हवं, आणि आपल्याकडे श्रावणात तेवढं वाळायलाच दोन दिवस लागतात. ज्याला आधी ठरवून मग हात लावायची सवय आहे त्याला शिवण लगेच जमतं. ज्याला करता करता सुचतं त्याचं मशीनवर कापड फार वाया जातं.

पण हाताने शिवलेली गोधडी याला अपवाद आहे, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. गोधडीत चुकायला जागाच कमी. जुन्या नऊवारीचा सव्वाआठ मीटरचा मऊ झालेला कपडा, मध्ये चादरी-धोतरांचे थर, आणि कच्चे टाके घालून जागच्या जागी धरलेले पदर. त्यावर धावदोरा. टाका वाकडा गेला तर पुढचा सरळ घाला, गोधडी तुम्हाला काही बोलत नाही. आपल्या हद्दीपलीकडे, उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूरकडचे मूळ आफ्रिकेतून आलेले सिद्दी लोक ज्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, करतात त्या मला फार आवडतात. ते आधी तुकडे जोडून घेत नाहीत. कडेपासून सुरुवात करून एकेक तुकडा दुमडून टाके घालत गोल गोल मध्याकडे येतात. आराखडा नाही, मशीन नाही. दिवसभर संगणकापुढे बसून थकलेल्या माणसाने रात्री हे करून बघावं, डोकं निवतं.

सूतकताईत चूक म्हणजे धागा तुटणं. तो दिवसातून शंभरदा तुटतो. तुटलेलं टोक पेळूवर, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळलेल्या वातीवर, टेकवून चाक फिरवलं की पुन्हा जोडलं जातं, नुकसान काही नाही. पण हात बसेपर्यंतचे पहिले आठ-दहा दिवस या तिघांत सगळ्यात अवघड आहेत, हे मी लपवणार नाही. उजवा हात चाक फिरवतो, डावा हात पेळू मागे ओढतो. धागा चातीच्या, म्हणजे चाकाने फिरणाऱ्या बारीक सळईच्या, टोकावरून दर फेऱ्याला निसटतो आणि त्या प्रत्येक निसटण्यात एक पीळ बसतो. पीळ कमी पडला तर धागा विरघळल्यासारखा सुटतो, जास्त झाला तर स्वतःभोवती वेटोळे घालतो. ओढ आणि पीळ यांचा मेळ सांगून कळत नाही. एका संध्याकाळी तो अचानक बसतो, आणि हातभर लांब एकसारखा धागा तुमच्या बोटांतून बाहेर येतो. त्या क्षणासाठी मी चरख्याची झाले.

आता हवा. बाहेरगावच्या माणसाने केलेली तुलना आपल्याला उपयोगी पडत नाही ती हिच्यामुळे. जून ते सप्टेंबर घरातल्या चामड्याच्या चपलेवरही बुरशी चढते, तिथे लोकरीचं काय होणार? खरी लोकर असेल तर कसर लागते, ओल धरते. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. तिला कसर लागत नाही, पण ती घाम शोषत नाही, आणि गरम इस्त्री लागली की चपटी होऊन बसते. मे महिन्यात तिचा गुंडा मांडीवर घेऊन बसणं म्हणजे शिक्षा. यावर माझा उपाय सुती धाग्याचा. सुती धागा विणायला लोकरीएवढा लवचीक नाही, टाके एकसारखे दिसायला वेळ लागतो, पण तयार वस्तू आपल्या हवेत वापरता येते. क्रोशाला तर सुती धागाच हवा. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरात मेजावर, वेदीवर जे पांढरेशुभ्र क्रोशाचे रुमाल असतात ते वर्षानुवर्षं धुऊन टिकलेले आहेत.

शिवणयंत्राला पावसाळा सोसत नाही तो गंजामुळे. आठवड्याला दोन थेंब तेल, काम संपल्यावर दाबाखाली एक चिंधी, आणि सुई वेळेवर बदलणं एवढं पाळलं तर ते नीट राहतं. सुती कापडाला १४ नंबर, जाडाला १६.

कताईची गंमत अशी की दमट हवा तिला मानवते. कापसाचा तंतू ओलाव्यात कमजोर होत नाही, उलट बळकट होतो. म्हणून तर सूतगिरण्यांत मुद्दाम हवा दमट ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत कोरडं वारं सुटलं की माझा धागा जास्त तुटतो, आणि पावसाची एक सर येऊन गेल्यावर छान निघतो. फक्त पेळू उघड्यावर ठेवायचे नाहीत. ते ओलावले की तंतू एकमेकांना चिकटतात आणि ओढताना गाठी येतात. घट्ट झाकणाचा डबा लागतोच. तकली, म्हणजे हाताने फिरवायची छोटी चाती, घेणार असाल तर पितळी घ्या, लोखंडी गंजते.

अडचण पेळूंची आहे. गोव्यात कापूस पिकत नाही. आपली जांभ्याची जमीन आणि हा पाऊस त्याला सोसणारा नाही. मी पेळू वर्ध्याहून मागवते आणि संपायच्या महिनाभर आधी कळवून ठेवते. एकदा तिकडे जाऊन गांधीजींनी १९३८ साली उघडलेलं मगन संग्रहालय पाहून आले, तेव्हा कापसापासून कापडापर्यंतचं सगळं काम मला पहिल्यांदा नीट समजलं. इथे शेजारी बसून शिकवणारं माणूसही सहसा भेटत नाही. याउलट विणकामाचं नि शिवणाचं सामान म्हापशाच्या, मडगावच्या, फोंड्याच्या बाजारात मिळतं, आणि दर चौथ्या घरात कुणीतरी आजी किंवा काकी टाका दाखवायला असते. शिकताना अडलं की लगेच विचारता येणं, याची किंमत पैशांपेक्षा मोठी आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते. सुयांची जोडी आणि चार गुंडे तीनशे ते पाचशे रुपयांत येतात. गोधडीला सुई, दोरा, चांगली कात्री पुरे, कापड कपाटात आहेच. साधं शिवणयंत्र काही हजारांचं. तकली अगदी स्वस्त. पेटी चरखा हजारांत जातो, म्हणून आधी महिनाभर तकलीवर हात बसवून मग तो घ्यावा.

भाचीला पैशांपेक्षा वेळेची काळजी होती. तिचे दोन तास बसमध्ये जातात. तिथे विणकामाशी कुणाची बरोबरी नाही. कदंबच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की सहा-आठ ओळी होतात. मी तर रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीतही विणलेलं आहे. गोधडीला मांडी आणि जमीन लागते. मशीनला टेबल, उजेड आणि लहान मूल नसलेली खोली. पेटी चरखा मिटला की पुस्तकासारखा होतो, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्याला तसा घडवून घेतला म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. पण चालत्या बसमध्ये तो चालणार नाही. त्याला जमिनीवरची स्थिर बैठक हवी. वीज मात्र यातल्या कशालाच लागत नाही, मोटरचं मशीन सोडून. आमच्याकडे पावसात दिवे जातात तेव्हा मी चरखाच काढते, कारण त्याला डोळ्यांपेक्षा बोटं जास्त लागतात.

हाती काय येतं तेही बघावं. लोकरी स्वेटर गोव्यात कपाटात पडून राहतो, हे खरं. तरी पौषातल्या जत्रेला रात्रभर नाटक बघत बसायचं तर खांद्यावर विणलेली शाल हवीशी वाटते. सत्तरी तालुक्यात तर हमखास. आणि बाळंतविडा! सुती धाग्याचं टोपडं, मोजे, त्यासोबत शिवलेलं झबलं, कुंची, दुपटं. कुणाच्या घरी पाळणा हलणार असं कळलं की माझ्या घरात विणकाम आणि शिवण दोन्ही एकदम सुरू होतात. छोट्या टोपड्याला एक गुंडा पुरतो आणि तीन-चार संध्याकाळी. नवशिक्याला एवढ्या लवकर पूर्ण होणारी वस्तू हवी. पहिलंच काम मोठ्या स्वेटरचं घेतलेले लोक बाहीपाशी थांबतात.

सुताकडून अशी वस्तू लवकर मागू नका. एक मीटर लांब-रुंद कापडाला सेंटीमीटरमागे १६ उभे आणि १६ आडवे धागे धरले तरी ३२०० मीटर सूत लागतं. खादीतली गुंडी, म्हणजे सुताची लड, १००० मीटरची, म्हणजे तीन गुंड्यांहून जास्त. तासाला ३०० मीटर काढणाऱ्या सरावलेल्या हाताचे अकरा तास, आणि पुढे विणकर शोधणं वेगळंच. मी माझं सूत दुपदरी-तिपदरी करून क्रोशाला वापरते. देवघरातलं आसन, समईखालचा रुमाल असं काहीतरी होतं. ज्याला वस्तू हवी त्याने कताईकडे वळू नये. ज्याला रोज अर्धा तास कुणाशी न बोलता बसायचंय, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, झोप लागत नाही, अशा माणसाला मी बिनदिक्कत कताईच सांगते. माझ्या यजमानांच्या आजारपणात मला तिनेच सांभाळलं.

भाचीला मी विणकाम सांगितलं. बसचा वेळ तिचा आहे, चुकलं की परत करायची तिची तयारी आहे, आणि डिचोलीला तिची आजी टाका दाखवायला आहे. तिच्या जागी घरून काम करणारी, संध्याकाळी घरीच असणारी कुणी असती तर गोधडी सांगितली असती, मशीन नव्हे. मशीन मी दुसऱ्या वर्षी घ्यायला सांगते, हाताचा टाका सरळ पडायला लागल्यावर. तोवर माया, उरेब, उभा धागा हे शब्द बोटांना ओळखीचे झालेले असतात.

तिच्यासाठी मी जी यादी लिहून दिली ती अशी. ८ नंबरच्या सुया, शक्यतो बांबूच्या, घामेजल्या हातातून निसटत नाहीत. मध्यम जाडीचा सुती धागा, दोन गुंडे, फिक्या रंगाचा, कारण काळ्या धाग्यावर रात्री टाके दिसत नाहीत. एक क्रोशाची सुई, गळलेला टाका उचलायला. पहिले आठ दिवस फक्त सुलट टाक्यांचा चौकोन, पुढचे आठ दिवस एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट. त्यातला बरा निघालेला चौकोन स्वयंपाकघरात गरम पातेलं धरायला ठेवायचा. चवथीला ती आली तेव्हा असे दोन चौकोन घेऊन आली. दुसऱ्याचे काठ सरळ होते.