पोलो 1.0 टीएसआय: पहिल्या ऑटोक्रॉससाठी गाडी कशी आहे?

गाडी: फोक्सवॅगन पोलो 1.0 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, सेकंड हँड. काम: रविवारी ऑटोक्रॉसला (मैदानावर मांडलेल्या कोर्सवर घड्याळाशी शर्यत) उतरायचं आणि सोमवारी त्याच गाडीने नाशिकच्या सातपूर-अंबडला कामावर जायचं. निकाल आधीच सांगतो. या कामाला ही गाडी कंपनीतून आली तशीच पुरते. पैसे ब्रेक ऑइल, टायर आणि हेल्मेटवर घाला, इंजिनला हात लावू नका.

नाशिकमध्ये पोलो, आय20 एन लाइन, व्हर्टस जीटी, जुनी ऑक्टाव्हिया बाळगणारे कमी नाहीत, आणि त्यातले बरेच जण गाडी मोकळी करायला समृद्धीवर जातात. तिथे वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे, वर कॅमेरे आहेत. शिवाय सरळ रस्त्यावर पाय दाबून फक्त इंजिन कळतं. ब्रेक किती उशिरा लावता येतो, पुढच्या टायरांची पकड नेमकी कधी सुटते, हे तिथे कळायला लागलं तर तोवर अपघात झालेला असतो. ऑटोक्रॉसमध्ये हेच सगळं मैदानावर, प्लास्टिकच्या कोनांच्या (शंकूंच्या) मध्ये, दुसऱ्या गिअरच्या वेगात शिकता येतं. एका वेळी एकच गाडी सुटते आणि स्पर्धा घड्याळाशी असते. कोन पडला की दंडाचे सेकंद, चुकीच्या गेटमधून गेलात की तो रन गेला.

सर्किटची हौस असेल तर कोइम्बतूरजवळचा कारी स्पीडवे, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट आणि दिल्लीजवळचं बुद्ध, ही तिन्ही नाशिकहून हजार किलोमीटरच्या पलीकडे आहेत. जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि हॉटेल धरलं तर हौस महाग पडते. नाशिकला मोटरस्पोर्ट नवीन नाही. राष्ट्रीय रॅली चॅम्पियनशिपची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी इथे झालेली आहे. पण नवख्या माणसाने सुरुवात ऑटोक्रॉसनेच करावी असं आमचं ठाम मत आहे.

आता गाडी. 999 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, 110 पीएस, 175 एनएम. हा टॉर्क 1,750 आरपीएमपासून 4,000 पर्यंत सपाट मिळतो, आणि ऑटोक्रॉसला हवं ते हेच. पहिल्या गिअरमध्ये सुटायचं, लगेच दुसरा टाकायचा आणि बहुतेक कोर्स दुसऱ्यातच संपवायचा. वळणात आरपीएम 2,000 च्या खाली गेलं की टर्बो झोपतो आणि बाहेर पडताना गाडी रेंगाळते. तिथे पहिला टाकायचा मोह आवरा. त्याऐवजी वळणाची रेषा थोडी रुंद घ्या, आरपीएम पडणार नाही. जुनी 1.2 जीटी टीएसआय 105 पीएसची आणि तितक्याच टॉर्कची आहे, पण ती फक्त सात गिअरच्या डीएसजीत, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये यायची. त्या गिअरबॉक्सचा क्लच कोरडा असतो. लागोपाठ जोरात सुटून तो तापतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. घरात तीच गाडी असेल तर जरूर उतरा, पण नवीन घेत असाल तर मॅन्युअलच बघा.

उष्णता हा या इंजिनाचा खरा कच्चा दुवा. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. रस्त्यावर समोरून वारा लागत असतो तोवर ठीक. ऑटोक्रॉसला मात्र रन संपवून गाडी रांगेत उभी राहते, बॉनेटखालची सगळी उष्णता आत साठते आणि पुढच्या रनला इंजिन मंदावल्यासारखं वाटतं. एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे जास्तच जाणवतं. रन संपला की मिनिटभर आयडलवर ठेवा, मग बंद करून बॉनेट उघडा आणि सावलीत लावा. लागोपाठ रन मिळत असतील तर मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडा. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ ठेवा, वर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, आणि पातळी तळाशी असेल तर पंप हवा ओढतो.

सगळ्यात जास्त लक्ष ब्रेकला द्या. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि एवढ्या वजनाच्या गाडीला ते पुरतात. दगा देतं ते जुनं ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो किमान 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. तीन-चार कडक ब्रेकिंगनंतर कॅलिपरमध्ये वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं तळाला जातं. पॅड बदलले तरी हे जात नाही, म्हणून आधी ऑइल बदला. एक लिटर पूर्ण फ्लशला पुरतं. क्लचचं हायड्रॉलिकही याच टाकीतून चालतं, त्यामुळे मेकॅनिकला क्लचही ब्लीड करायला (जुनं ऑइल आणि हवा काढायला) सांगा, बरेच जण तो विसरतात. ब्लीड करताना टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला डायग्नोस्टिक टूल लावावं लागतं. डॉट 5.1 चा बिंदू किमान 260 अंश असतो आणि ते डॉट 4 च्या जागी चालतं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही घालू नका. पॅड कंपनीचेच चालतील, पण निम्मे झिजलेले असतील तर बदला, कारण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे लवकर जाते.

टायर कोणता, यापेक्षा हवा किती हा प्रश्न आधी सोडवा. डांबरावर पुढे 36 आणि मागे 38 पीएसआयपासून सुरू करा, टायर थंड असताना. कडेला जिथे ट्रेड संपतो आणि साइडवॉल सुरू होते, तिथे चार ठिकाणी खडूने आडवी रेघ मारा. रननंतर खडू साइडवॉलपर्यंत पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, दोन पीएसआय वाढवा. ट्रेडच्या कडेचाच खडू शाबूत असेल तर हवा जास्त आहे, कमी करा. दोन-तीन रननंतर हवा तापून तीन-चार पीएसआय वाढते, तेवढी सोडत जा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, अशा सकाळी पहिल्या रनला पकड नसतेच, तेव्हा तो रन शिकण्यासाठी ठेवा. मुरमाच्या मैदानावर मात्र हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा, इंजिनखाली दगडांपासून वाचवणारा सम्प गार्ड लावा आणि दिवस संपला की एअर फिल्टर झटका. तिथे सॉफ्ट टायरवर पैसे घालू नका, दगडाने साइडवॉल फाटते.

गाडीचा स्वभाव पुढून सरकण्याचा आहे. वळणात जास्त वेगाने शिरलात की स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक बाहेरच जातं, आणि नवखे लोक अशा वेळी आणखी फिरवतात. उलट करा: थोडं सरळ करा, ॲक्सिलरेटर सोडा, वजन पुढे येऊ द्या. मागचा टॉर्शन बीम हलका होऊन गाडी आपणहून वळते. डिफरन्शियल साधं ओपन आहे, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फिरत राहतं. पाय हळूहळू दाबा, एकदम नाही. डाव्या पायाने ब्रेक लावण्याचा प्रयोग इथे जमत नाही, कारण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थ्रॉटल कापतो. हँडब्रेक मात्र साधा दांड्याचा आहे, आणि अगदी घट्ट यू-टर्नला त्याचा खरोखर उपयोग होतो. सीटचा बाजूचा आधार बेताचा आहे. स्टिअरिंग मागे-पुढे होतं, तेव्हा ते इतकं जवळ घ्या की पाठ टेकलेली असताना मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकेल.

रिमॅपबद्दल (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवणं) स्पष्टच लिहितो, कारण पहिला खर्च लोक तोच करतात. त्याच पैशात चार चांगले टायर येतात, आणि ऑटोक्रॉसला चांगली वेळ टायरांमुळेच मिळते. रिमॅपने स्टॉक (बदल न केलेल्या गाड्यांच्या) वर्गातून थेट मॉडिफाइड वर्गात जाता, तेही कसलेल्या ड्रायव्हरांसमोर. त्यात एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता 1.7 ने गुणतात. म्हणजे 999 चे 1,698 सीसी होतात, आणि 1,600 पर्यंतच्या वर्गात ही गाडी बसत नाही. आयोजक हा गुणक लावतात का, हे पैसे भरायच्या आधी सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये (त्या स्पर्धेच्या नियमावलीत) वाचा. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं कॉम्पिटिशन लायसन्स लागतं का, हेल्मेट आयएसआयचं चालतं की स्नेल किंवा एफआयए मानकाचंच हवं, हेही त्यातच असतं.

विम्याचं आधीच कळलेलं बरं. आपल्याकडच्या खासगी कारच्या पॉलिसीत ‘ऑर्गनाइज्ड रेसिंग’ आणि ‘स्पीड टेस्टिंग’ वगळलेलं असतं. मैदानावर गाडी आपटली तर खर्च खिशातून. म्हणूनच ज्या गाडीचे हप्ते सुरू आहेत ती आणण्यापेक्षा जुनी पोलो परवडते. कोर्सजवळ खांब, कठडा किंवा विहीर असेल तर तिथे उतरूच नका, आयोजक कितीही ओळखीचे असोत.

तपासणीच्या रांगेत जाण्याआधी गाडी रिकामी करा: मॅट, स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा. पेडलखाली अडकलेली बाटली ब्रेक लागू देत नाही. बॅटरीचा क्लॅम्प हाताने हलवून बघा. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने 120 एनएमला आवळा आणि पहिल्या रननंतर पुन्हा तपासा. अलॉय नवीन असतील तर हमखास एखादा सैल निघतो.

सेकंड हँड घेताना पोलो 2022 मध्ये बंद झाली याची काळजी करू नका. टायगुन, व्हर्टस, कुशाक आणि स्लाव्हियात याच घराण्यातलं इंजिन आहे. गाडी लिफ्टवर घ्या. पुढच्या सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मच्या रबरी बुशला चिरा असतील तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. पूर्ण स्टिअरिंग फिरवून हळू चालवताना टक-टक आवाज आला तर चाकाजवळचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा) गेलाय, फाटलेलं रबर बूट हे त्याचं कारण. पहिल्या गिअरमध्ये जरा जोरात सुटताना पुढचं टोक धडधडलं तर खालचं इंजिन माउंट बघा. कोल्ड स्टार्टला आयडल डळमळत असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन असू शकतो, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तिथून पेट्रोल वाहत नसल्याने ते धुतले जात नाहीत. यातली एखादी गोष्ट सापडली तर किंमत पाडून घ्या. आधीच रिमॅप झालेली, मोठा एक्झॉस्ट लावलेली आणि सर्व्हिसचे कागद नसलेली गाडी मात्र स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.