सोलापूरच्या उन्हात कारला कुठली बॅटरी: पाणी टाकायची का मेंटेनन्स फ्री?
एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो आणि बॅटरीचं आयुष्य खरं तर या गरमीनंच कमी होतं, आतलं पाणी आटतं, प्लेटा लवकर खराब होतात.

पाणीवाल्या बॅटरीत झाकण काढून आत बघता येतं, हे मला लई मोलाचं वाटतं. उन्हाळ्यात महिन्यातनं एकदा बघायचं, प्लेटा उघड्या पडायच्या आत डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, फक्त डिस्टिल्डच बरं का, बोअरचं क्षाराचं पाणी अजिबात नको आणि वरनं ॲसिडही ओतायचं नाही. चष्मा-हातमोजे घाला, जवळ विडी-काडी नको, बॅटरीतनं हायड्रोजन निघतो, तो पटकन पेट घेतो.

मेंटेनन्स फ्रीला ही कटकट नाही, टर्मिनल (वायरी जोडायची टोकं) पुसले की झालं. पण पाणी कमी झालं तर भरायची सोयच नसते, सरळ नवीन घ्यायची.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर मात्र दोन्हीला पाहिजे, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं की चार्ज चांगलाय.

दिवसभर सात रस्ता चौकात उन्हात गाडी लावत असाल आणि बॉनेट उघडायचा कंटाळा नसेल तर डोळे झाकून पाणीवाली घ्या, आईवडिलांच्या गाडीला मेंटेनन्स फ्री बरी.